कडू थेंब : किराईत, बिटर्स आणि आपण

माझी ताई लग्न होऊन भोपाळला गेली त्याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. ती करोंदला राहते. शहराच्या उत्तरेला, बैरसिया रस्त्याच्या बाजूची ही वस्ती. जवळच धान्याची मोठी मंडी, त्यामुळे दिवसभर ट्रकांची वर्दळ. गोव्याच्या माणसाला तिथे समुद्र सोडून सगळं मिळतं!

मागे भाचीच्या साखरपुड्यासाठी आठवडाभर तिच्याकडे मुक्काम होता. भावोजी सकाळी उठले की आधी काचेच्या पेल्यातलं पिवळट पाणी एका दमात पितात. तोंड वाकडं करतात आणि मगच चहाकडे वळतात. हे चिरायत्याचं पाणी. पन्साऱ्याकडून काड्या आणायच्या, रात्री चिमूटभर भिजत घालायच्या, सकाळी गाळून प्यायचं. नऊ वर्षांपूर्वी डॉक्टरांनी यकृताचे रिपोर्ट पुढ्यात ठेवले तेव्हा भावोजींनी दारू सोडली. एका दिवसात सोडली, आणि त्यानंतर एक थेंबही घेतला नाही. चिरायता तेव्हापासूनचा. त्याने यकृत सुधारलं का ते मला माहीत नाही, ते डॉक्टरांचं काम. पण रोज सकाळचा तो कडू घोट ही त्यांची शपथ आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

साखरपुडा एका हॉलमध्ये झाला. तिथे हल्लीच्या रिवाजाप्रमाणे मॉकटेलचा काउंटर होता. पोरगेलासा मुलगा लिंबू, आलं, सोडा एकत्र करून रंगीत पेले भरत होता. भावोजींचा पेला भरल्यावर त्याने एका छोट्या बाटलीतून तपकिरी थेंब वर टाकले. वास छान आला, लवंग-दालचिनीसारखा. मला कुतूहल म्हणून मी बाटली हातात घेतली. कुठल्याशा परदेशी कंपनीचं बिटर्स. बारीक अक्षरांत लिहिलं होतं, अल्कोहोल चाळीस टक्क्यांच्या वर. म्हणजे व्हिस्कीएवढं किंवा जरा जास्तच! मुलाला विचारलं, तर तो निरागसपणे म्हणाला, "सर, ये तो सिर्फ फ्लेवर है."

मी भावोजींना सांगितलं. त्यांनी पेला ओठांना लावला नव्हता. तो हळूच टेबलावर ठेवला आणि साधं पाणी मागितलं. कुणाला काही कळलंही नाही.

त्या रात्री मला झोप लागेना. सकाळचा तो पेला कडू आणि संध्याकाळचा तो थेंबही कडू. एक शपथ पाळणारा, दुसरा शपथ मोडणारा. परत आल्यावर जमेल तसं वाचत गेलो, आणि लक्षात आलं की हे दोन्ही कडू एकमेकांचे भाऊबंद आहेत. त्यांची गोष्ट आपल्या किनाऱ्यावरूनही जाते. तीच आज सांगतो.

आधी बिटर्स म्हणजे काय ते पाहू. कडू मुळं, साली, पानं, सोबत थोडे मसाले, संत्र्याची साल वगैरे जोरदार मद्यार्कात काही आठवडे मुरत ठेवायचं आणि गाळून घ्यायचं. तो अर्क म्हणजे बिटर्स. हे कुणी पेला भरून पीत नाही. आमटीत हिंग पडतो तसे पेल्यात दोन-चार थेंब पडतात. हिंग वेगळा कळत नाही, पण नसला तर आमटी बेचव लागते, बिटर्सचंही तसंच. गोडाचा गुळमटपणा तुटतो, आंबटाची धार बोथट होते आणि पेय एकजीव लागतं.

या अर्कांत कडूपणासाठी सर्वांत जास्त वापरलं जातं ते जेन्शियन या युरोपातल्या डोंगराळ भागातल्या झाडाचं मूळ. आणि गंमत अशी की आपला चिरायता, मराठीत काडेचिराईत, हा त्याच जेन्शियनच्या कुळातला. हिमालयाच्या उतारांवर वाढणाऱ्या या झाडाला वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने नाव देताना जेन्शियनच्याच वंशात घातलं होतं. दोघांतही अमारोजेन्टिन नावाचं द्रव्य असतं. निसर्गातल्या सर्वांत कडू पदार्थांत त्याची गणना होते. त्याचा एक भाग पाच कोटी ऐंशी लाख भाग पाण्यात मिसळला तरी जिभेला कळतो! म्हणजे करोंदच्या घरातला सकाळचा पेला आणि हॉलमधली बाटली, दोन्ही एकाच घराण्यातल्या. फरक एवढाच की एकात पाणी आणि दुसरीत दारू.

आता इतिहास. बिटर्स मुळात औषध होतं. लंडनच्या रिचर्ड स्टॉटन या औषधविक्याने १७१२ साली आपल्या कडू अर्काचं पेटंट घेतलं, तेही पोटाच्या तक्रारींवरचं औषध म्हणूनच. लोक ते वाइनमध्ये किंवा ब्रँडीत घालून घेऊ लागले. औषध घेतल्याचं समाधान आणि घोट घेतल्याचाही आनंद! पुढे १३ मे १८०६ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्राने वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देताना कॉकटेलची व्याख्या छापली : कुठलंही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स. म्हणजे मूळ अर्थाने बिटर्स नसेल तर ते कॉकटेलच नव्हे.

सर्वांत प्रसिद्ध बिटर्सचा जन्म तर चक्क लष्करी दवाखान्यातला. योहान सीगर्ट हा जर्मन डॉक्टर व्हेनेझुएलात सिमोन बोलिव्हारच्या सैन्यात होता. सैनिकांची पोटं बिघडत, ताप येत. त्यावर त्याने प्रयोग करून १८२४ साली एक कडू अर्क तयार केला. गावाचं नाव अंगोस्तुरा, म्हणून अर्काचंही तेच. १८४६ मध्ये गावाचं नाव बदलून सिउदाद बोलिव्हार झालं, पण बाटलीवर जुनं नाव राहिलं. बोटीवरच्या खलाशांना तो मळमळीवर उपयोगी वाटला. इंग्रज आरमारातल्या अधिकाऱ्यांनी तो जिनमध्ये घातला, जिनला गुलाबी झाक आली आणि 'पिंक जिन' झाली. सीगर्टच्या मुलांनी १८७५ च्या सुमारास धंदा त्रिनिदादला हलवला, आणि ते बिटर्स आजही तिथेच बनतं. त्यात अल्कोहोल ४४.७ टक्के असतं. बाटलीवरचा कागद बाटलीपेक्षा उंच असतो. मापात चूक झाली आणि तीच पुढे ओळख बनली, असं सांगतात.

त्रिनिदाद म्हटलं की आपल्याला आठवायला हवं ते दुसरंच. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे १,४४,००० भारतीय मजूर करारावर तिथल्या उसाच्या मळ्यांत नेले गेले. कारल्याला तिथे आजही 'कारैली' म्हणतात. माणसं देश सोडून गेली, पण जिभेवरचं कडू बरोबर घेऊन गेली.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. कॉकटेलच्या कितीतरी आधी युरोपात 'पंच' नावाचं मिश्रपेय लोकप्रिय होतं. सतराव्या शतकात हिंदुस्थानात हिंडलेला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर याने लिहून ठेवलंय की हा शब्द इथल्या 'पाच'वरून आला, कारण त्यात पाच वस्तू पडतात. मद्य, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला. त्यातलं मद्य कुठलं? तर 'गोवा अरॅक', म्हणजे आमच्या माडाच्या सुरेपासून गाळलेली दारू. इंग्लंडात तिला मोठा मान होता. आज परदेशी बाटल्यांचं कौतुक आपण करतो, पण कधीकाळी लंडनचे लोक गोव्याच्या बाटलीचं करत होते.

आणि कडू? तेही इथूनच शिकायला लोक येत होते. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. इथल्या वनौषधींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. कडुनिंब, निर्गुंडी यांच्या गोष्टी त्यात आहेत. पुढे गोव्यात राहिलेल्या लिन्सखोतेन या डच माणसाने नोंदवलंय की खुद्द व्हाइसरॉय आणि आर्चबिशपसुद्धा आपल्या लोकांपेक्षा हिंदू वैद्यांवर अधिक भरवसा ठेवत. धर्माच्या बाबतीत जे चाललं होतं ते आपल्याला ठाऊक आहे. ताप चढला की मात्र पंडिताला बोलावणं जाई!

त्यानंतरचा मोठा ग्रंथ म्हणजे कोचीनचा डच गव्हर्नर व्हान रेड याचा 'होर्तुस मलबारिकुस'. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला तो बारा खंडांत छापला गेला. त्यात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या तीन कोंकणी वैद्यांनी काम केलं. त्यांचं १६७५ सालचं कोंकणी प्रमाणपत्र ग्रंथात छापलेलं आहे. याच ग्रंथाच्या नवव्या खंडात एका कडू झुडुपाचं चित्र आहे. त्याला आपण गोव्यात 'किरायतें' म्हणतो. मराठीत ओलेकिराईत किंवा पालेकिराईत, हिंदीत कालमेघ.

इथे थोडं थांबून एक घोटाळा दूर करायला हवा. किरायतें आणि चिरायता नावाने जवळचे असले, तरी झाडं वेगळी. चिरायता हिमालयातला, जेन्शियनच्या कुळातला. त्याच्या वाळक्या काड्या मिळतात. किरायतें आपल्या परसात, पायवाटेच्या कडेला उगवतं. ते अडुळशाच्या कुळातलं. त्याच्या कडूपणाचं द्रव्य वेगळं, अँड्रोग्राफोलाइड नावाचं. १९११ साली ते वेगळं काढलं गेलं. दोघांची सरमिसळ बाजारात जुनी आहे. करोंदच्या पन्साऱ्याला मी विचारलं तर तो अभिमानाने म्हणाला, "भाईसाहब, असली है, पहाड का माल." पहाड नेमका कुठला ते त्यालाही सांगता आलं नाही. पण काडी चावून पाहिली, आणि पुढचे दोन तास मला पाणीसुद्धा कडू लागत होतं.

तर हे किरायतें. एडवर्ड वेअरिंगच्या संपादनाखाली १८६८ साली 'फार्माकोपिया ऑफ इंडिया' निघाली, तिच्यात त्याला अधिकृत औषध म्हणून स्थान मिळालं. त्या काळच्या औषधग्रंथांत आणखी एक नोंद सापडते, आणि ती वाचून मी अक्षरशः उडालो. हिंदुस्थानातल्या जेसुइट पाद्र्यांचा म्हणून ओळखला जाणारा 'द्रोग आमेर' नावाचा एक अर्क होता. फ्रेंचमध्ये याचा अर्थच मुळी 'कडू औषध'. त्यात मस्तकी, ऊद, बोळ, कोरफडीचा काळा बोळ आणि आपलं किराईत हे सगळं ब्रँडीत महिनाभर मुरवत. पटकी, अजीर्ण यांवर तो देत. पुढे इंग्लंडातही किराइताचा मद्यार्क 'हाल्विवा' नावाने विकला जाई.

आता सांगा, कडू वनस्पती मद्यात महिनाभर मुरवलेली, सोबत सुगंधी डिंक. हे बिटर्स नाही तर काय? जे आज मोठ्या हॉटेलांत 'स्पेशालिटी' म्हणून मिळतं, ते इथल्या परसातल्या किरायत्यापासून इथे बनत होतं. तिकडे चिरायत्यानेही असाच प्रवास केला. १८३९ साली तो एडिनबर्गच्या औषधसंहितेत गेला आणि नंतर ब्रिटिश फार्माकोपियात. जेन्शियनला पर्याय म्हणून इंग्रज डॉक्टर तो लिहून देत.

एवढं कडू लोकांना का हवं होतं? कारण ताप. जुन्या गोव्याचं वैभव आपण पुस्तकांत वाचतो, पण ते शहर ओस पडलं त्यात साथींचा मोठा वाटा होता. पटकी आली, हिवताप आला. व्हाइसरॉयने आधी पणेलीला मुक्काम हलवला, १७५९ मध्ये पणजी गाठली, आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. एका राजधानीला तापाने जागेवरून उठवलं! अशा मुलखात कडू घोट ही चैन नव्हती, जगण्याची आशा होती.

त्या आशेतलं खरं औषध दक्षिण अमेरिकेतून आलं, सिंकोनाची साल. पेल्तिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८२० साली तिच्यातून क्विनीन वेगळं काढलं. १८६० च्या दशकात निलगिरीत सिंकोनाचे मळे उभे राहिले. बंगालमध्ये १८९२ पासून पोस्टात एका पैशाला क्विनीनची पुडी मिळू लागली. साहेब लोकांनी मात्र पुडीऐवजी पेला पसंत केला. १८५८ मध्ये लंडनमध्ये टॉनिक वॉटरचं पेटंट निघालं, १८७० मध्ये श्वेप्सने 'इंडियन क्विनीन टॉनिक' बाजारात आणलं, आणि जिन-टॉनिक जन्माला आलं. आजच्या टॉनिकमध्ये क्विनीन केवळ चवीपुरतं असतं. अमेरिकेत कायद्याने लिटरला ८३ मिलिग्रॅमच्या वर घालता येत नाही. तेव्हा 'मलेरियावर म्हणून घेतो' असं सांगणाऱ्या मित्राला खुशाल हसावं!

कडू औषधाच्या आड लपून दारू पिण्याची खोड मात्र जगभर. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, पण बिटर्स औषध म्हणून विकायला मोकळीक होती. विस्कॉन्सिनमधल्या एका बेटावरच्या गुत्तेवाल्याने चक्क औषधविक्याचा परवाना काढला आणि 'पोटाचं टॉनिक' म्हणून बिटर्सचे पेले विकले. आपल्याकडे तरी काय वेगळं? मद्यार्क असलेल्या औषधांवर कर कसा बसवायचा, यासाठी १९५५ साली केंद्राला वेगळा कायदा करावा लागला. सरकारी कारकून म्हणून सांगतो, औषध कुठे संपतं आणि दारू कुठे सुरू होते, या प्रश्नाने जितकी फाइल जाड होते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल.

आता घरात येऊ. लहानपणी पावसाळा सुरू झाला की आई किरायत्याचा काढा करायची. आम्ही भावंडं माडामागे लपायचो. ताई सर्वांत मोठी, ती शूरपणे आधी प्यायची आणि मग आम्हाला पकडून आणायची. मागून गुळाचा खडा मिळे. पाडव्याला कडुनिंबाची पानं गुळाबरोबर खाऊनच वर्ष सुरू व्हायचं. सहा रसांत 'तिक्त' हा मानाचा रस, तो ताटात असायलाच हवा ही आपली समजूत. गावात फेणीत डुकशिरीची मुळं मुरवून ठेवणारेही होते. डुकशिरी म्हणजे अनंतमूळ. अंग दुखलं, थंडी भरली की त्यातला घोट. ते 'इन्फ्युजन' आहे हे कुणाला माहीत होतं!

आज दिवस पालटलेत. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये ती गोव्याची वारसा-मद्य ठरली. २०१७ नंतर गोव्यात बनलेल्या जिन देशभर नाव काढू लागल्या. बारमध्ये कोकम, तिरफळ, लिंबाची पानं दिसू लागली. चांगलंच आहे. पण या कौतुकात किरायत्याचं नाव कुठे ऐकू येत नाही. आपण जे औषध म्हणून तोंड वाकडं करून टाकून दिलं, ते कुणीतरी बाटलीत भरून पाहुणं म्हणून परत आणील, आणि आपण पैसे मोजून वाहवा करू. तिकडे हिमालयात चिरायता बेसुमार उपटला गेल्याने दुर्मीळ होत चाललाय. सबंध झाड उपटून विकतात. बी पडायला उसंतच मिळत नाही.

आणि शेवटी त्या मॉकटेलची गोष्ट. हिशेब केला तर दोन-तीन शिडकाव्यांत एक मिलिलिटरच्या आसपास अल्कोहोल जातो. पेलाभर पेयात ते प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आतच राहतं. आपल्या अन्न नियमांप्रमाणे अर्ध्या टक्क्याच्या वर गेलं तरच पेय मद्यात मोडतं. म्हणजे कायद्याने तो मुलगा चुकला नव्हता. नशा तर कुणालाच आली नसती. पण शपथ काय टक्केवारीत मोजायची असते? ज्याने नऊ वर्षं एक थेंब घेतला नाही त्याला तो थेंब आहे हे सांगायलाच हवं. कुणी धर्मासाठी घेत नाही, कुणी औषधं चालू म्हणून, कुणी पोटात बाळ आहे म्हणून. त्यांना निवड करू द्या. ग्लिसरीनमध्ये केलेली, अल्कोहोल नसलेली बिटर्सही मिळतात. एवढं विचारणं आणि सांगणं, यात अवघड काय आहे?

निघायच्या आदल्या दिवशी ताईच्या स्वयंपाकघरात आम्ही एक प्रयोग केला. मी गोव्याहून नेलेलं कोकमाचं आगळ, गूळ, चिमूटभर मीठ, किसलेलं आलं, थंड पाणी, आणि वरून भावोजींच्या पेल्यातलं चिरायत्याचं पाणी, माणशी एक चमचा. पहिल्यांदा प्रमाण चुकलं, भाचीने तोंड फिरवलं. दुसऱ्या वेळी अर्धा चमचा घातला आणि जमलं. आंबट-गोड आणि मागून हळूच येणारं कडू. (मधुमेहाची गोळी चालू असणाऱ्यांनी रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं, चिरायता साखर उतरवतो असं मानतात.)

भावोजींनी दोन पेले घेतले. म्हणाले, "हे त्या हॉलवाल्याला शिकवून ये." मी म्हटलं, पुढच्या वेळी भाचीच्या लग्नाला येईन तेव्हा काउंटर आपणच लावू. ताईने लगेच पन्साऱ्याच्या यादीत चिरायता दुप्पट लिहिला.